मिळालं तर?

जुलै संपत आला होता. बारावी झालेली माझी एक विद्यार्थिनी इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्मची, म्हणजे कॉलेजांच्या पसंतिक्रमाची, कच्ची यादी घेऊन स्टाफरूममध्ये आली. गणिताच्या वहीतलं चौकटीचं पान, शिसपेन्सिलीनं लिहिलेलं. कॉलेजचं नाव, पुढं शाखा, त्यापुढं गेल्या वर्षीचा कटऑफ, सगळं रकाने पाडून. अक्षर तिचं पहिल्यापासूनच रेखीव. पण पहिल्या ओळीवर माझी नजर अडली. तिथं काहीतरी लिहून खोडलं होतं, आणि ते इतकं घासून खोडलं होतं की कागदाला लव सुटली होती. त्याच जागी नंतर एका जवळच्या कॉलेजाचं नाव लिहिलेलं. घरून रोज एसटीनं जाऊन-येऊन करता येईल असं कॉलेज. पान जरा उचलून खिडकीकडं धरलं, तर खालची अक्षरं उजेडात वाचता येत होती. व्हीजेटीआय, सिव्हिल. मुंबईचं, माटुंग्याचं कॉलेज. मी विचारलं, "हे का काढलंस गं? तुझ्या पर्सेंटाइलला येऊ शकतं हे." ती म्हणाली, "येऊ शकतं म्हणूनच काढलं, मॅडम." आणि मग, माझ्याकडं न बघता, "मिळालं तर?"

त्यानंतर कितीतरी दिवस हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात.

अकरावी-बारावीला गणित शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. निकालाच्या दिवशी रडणारी मुलं पाहिली, अर्ध्या टक्क्यानं हुकलेली पाहिली, निकाल लागल्यावर महिनाभर घराबाहेर न पडलेला मुलगाही पाहिला. "नाही मिळालं तर?" हा प्रश्न मला तोंडपाठ आहे आणि त्याची उत्तरंही माझ्याकडं आहेत. दुसरी फेरी आहे, तिसरी आहे, डिप्लोमा आहे, बी.एस्सी. आहे, जग काही संपत नाही. पण मिळण्याची भीती वाटणाऱ्या मुलीला काय सांगायचं? त्या दिवशी मला काहीच सुचलं नाही. मी पान तिला परत दिलं आणि म्हटलं, फॉर्म कन्फर्म करायला अजून दोन दिवस आहेत, घाई करू नकोस.

तिच्या भीतीला नियमाचाही आधार होता. २०२५-२६ च्या प्रवेशांसाठी अभियांत्रिकीच्या कॅपच्या, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेच्या, चार फेऱ्या झाल्या, आणि पहिल्या फेरीत यादीतला पहिला पर्याय मिळाला की ती जागा आपोआप फ्रीझ. घ्यायची, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पर्यायांना हाच नियम, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पर्यायांना. नियमामागचं कारण मला कळतं आणि बऱ्यापैकी पटतंही. जागा अडवून ठेवून पुढच्या फेरीची वाट बघत बसणारे असतात, त्यांच्यापायी खरी गरज असलेलं पोर लटकत राहतं. पण या नियमानं एक गोष्ट केली. ऑप्शन फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, त्यांतला पहिला क्रमांक आता नुसती इच्छा राहिला नाही. तो शब्द देणं झाला. सतराव्या-अठराव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, संगणकाच्या पडद्यावर असा शब्द द्यायचा, आणि तो देताना मागं सगळं घर उभं असतं.

ते घर कसं उभं असतं ते जून-जुलैत आमच्या गावात येऊन बघावं. सीईटीचा निकाल लागला आणि पाठोपाठ माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला आली. तहसील कचेरीजवळच्या सेवा केंद्रात एकीकडं नॉन क्रिमीलेअरसाठी रांग, आणि त्याच रस्त्यानं टाळ वाजवत निघालेले वारकरी. गेल्या वर्षीचा नॉन क्रिमीलेअर ३१ मार्चला संपलेला, उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या सहीसाठी अडकलेला, डोमिसाइलवर आईचं नाव चुकलेलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर पावसाचा एकही थेंब पडू नये म्हणून ती पिशवी सदऱ्याच्या आत. हातात मोबाइल, त्यात पर्सेंटाइल. दशांश चिन्हापुढं सात आकडे. एका आजोबांनी मला थांबवून नातवाचा निकाल दाखवला आणि विचारलं, हे एवढे आकडे कशाला? मी सांगितलं, परीक्षा वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या सत्रांत होते, सगळ्यांची सांगड घालावी लागते, एकाच आकड्यावर शेकडो मुलं येऊ नयेत म्हणून एवढी बारीक मोजणी. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, म्हणजे एकाच्या पुढं एक उभं करायचं. अगदी बरोबर. मेरिट लिस्ट म्हणजे तेवढंच.

फेऱ्या सुरू झाल्या की माझा फोन रात्री अकरापर्यंत वाजतो. बहुतेक प्रश्न तांत्रिक असतात, पण आवाज तांत्रिक नसतो. एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मॅडम, नॉट फ्रीझ केलं तर हातातली जाती का ओ?" मी समजावलं. जागा स्वीकारायची, हजार रुपये सीट अ‍ॅक्सेप्टन्सचे भरायचे, बेटरमेंट, म्हणजे वरच्या पर्यायाची वाट, ठेवायचं. पुढच्या फेरीत वरचं काही मिळालं नाही तर ही जागा तुमचीच. वरचं मिळालं तर मात्र ही आपोआप जाते, मग परत मागता येत नाही. पलीकडं बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "म्हंजी चांगलं मिळालं तर हे जातंय." हो. "आणि त्याला हेच बरं वाटाय लागलं आसंल तर?" या प्रश्नाला माहितीपुस्तिकेत उत्तर नाही. मुलगा त्या पहिल्या कॉलेजला जाऊन आला होता, कँटीनचा चहा पिऊन आला होता, त्याच्या गावचा एक मुलगा तिथं तिसऱ्या वर्षाला होता. आठवड्याभरात त्यानं मनानं तिथं खोली घेतली होती. कागदावर सहावा पर्याय चौथ्यापेक्षा खालचा असतो, मनात तसं असेलच असं नाही. पण यादी एकदा कन्फर्म केली की कागदाचंच चालतं.

आणखी एक गोष्ट आम्हा सातारकरांना दरवर्षी टोचते. फलटणहून पुणं शंभर-सव्वाशे किलोमीटर. दवाखाना पुण्याचा, लग्नाचा बस्ता पुण्याचा, नोकरीला गेलेली निम्मी पोरं पुण्यात. कोल्हापूर त्याहून लांब. पण प्रवेशाच्या कोष्टकात आमचा जिल्हा शिवाजी विद्यापीठाचा. त्यामुळं पुण्याच्या बहुतेक कॉलेजांत आमची मुलं बाहेरच्या विद्यापीठाची ठरतात, आणि सत्तर-तीसच्या वाटपात त्यांच्या वाट्याला तीस टक्क्यांतलं जे येईल ते. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या ठिकाणी जागा राज्यपातळीवर भरतात, तिथं हा भेद नाही. म्हणून कटऑफच्या पीडीएफमध्ये आमची मुलं आधी जागेच्या कोडचं शेवटचं अक्षर शोधतात. एलओबीसीएस. एल म्हणजे मुलींसाठीची जागा, मध्ये प्रवर्ग, शेवटचा एस म्हणजे राज्यपातळी. माझ्या त्या विद्यार्थिनीनं हे सगळं स्वतः शोधलं होतं. तीन वर्षांचे कटऑफ उतरवून काढले होते. आपल्याला काय मिळू शकतं हे तिच्याइतकं वर्गात कुणाला माहीत नव्हतं, आणि तिनं ते नाव खोडलं ते सगळं माहीत असूनच.

आता सिव्हिलचं सांगते, कारण हेही लोकांना कळत नव्हतं. सत्त्याण्णवच्या वर पर्सेंटाइल आणि सिव्हिल? ज्यानं त्यानं हेच विचारलं. मामा म्हणाला कॉम्प्युटर घे, क्लासवाले सर म्हणाले एआय घे, शेजारच्या काकूंनी विचारलं की सिव्हिल म्हणजे बांधकामावर उन्हात उभं राहायचं का. तिचे वडील पाटबंधारे खात्यात पाटकरी आहेत. नीरा उजव्या कालव्यावर त्यांचं आयुष्य गेलं. आवर्तन सुटलं की रात्री-अपरात्री चारीवर जायचं, दारं उघडायची, दारं लावायची, कुणी फोडून पाणी पळवलं का बघायचं, पाणी मागणीचे नमुना सातचे अर्ज घ्यायचे, भांडणं सोडवायची. लहानपणी ती सायकलच्या नळीवर बसून त्यांच्याबरोबर जायची. अकरावीत असताना एकदा तिनं मला फळ्यावर आकृती काढून दाखवली होती. कालव्याच्या तोंडाशी पाणी किती असतं, अस्तर फुटलेल्या जागी किती मुरतं, आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला शेवटी किती उरतं. आकडे तिनं अंदाजानं घेतले होते, पण उतार आणि प्रवाहाचं नातं बरोबर मांडलं होतं. "टेलची माणसं बाबांना शिव्या देतात मॅडम, आणि बाबांच्या हातात काहीच नसतं." तिला सिव्हिल का हवं आहे हे मला त्या दिवशीच कळलं होतं. तिला ते पाणी टेलपर्यंत न्यायचंय.

मग भीती कसली? माझा पहिला अंदाज पैशांचा होता. तो अर्धाच खरा निघाला. जुलै २०२४ मध्ये सरकारनं निर्णय घेतला की आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी निम्मं माफ होतं. कॅपमधून प्रवेश हवा, एवढी अट. या एका निर्णयानं माझ्या वर्गातल्या मुलींच्या याद्या बदलल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पूर्वी मुलीच्या यादीत गावापासून लांबचं नाव आलं की बाप फीचं कारण पुढं करायचा आणि विषय मिटायचा. आता ते कारण उरलं नाही. आणि ते गेल्यावर त्याच्यामागं जे काही लपलं होतं ते उघडं पडलं. मेसचे पैसे, वसतिगृहात जागा न मिळाल्यास खोलीचं भाडं, हे आहेच. वसतिगृह भत्त्याच्या योजना आहेत, त्यांचेही अर्ज आहेत. पण तिच्या बोलण्यातून हळूहळू निघालं ते वेगळंच होतं. आईची शुगर. धाकट्या भावाची दहावी, त्याचा अभ्यास तीच घेते. बाबांच्या मोबाइलवर ऑफिसचे मेसेज येतात, त्यांची उत्तरं तीच टाइप करते. गोठ्यातल्या दोन गाई. आणि मुंबई. मुंबई तिनं सहावीच्या सहलीत बसच्या खिडकीतून पाहिलेली. "नाही मिळालं तर घरी कुणाला काही सांगावं लागणार नाही, मॅडम. मिळालं तर मला सांगावं लागेल की मला जायचंय." हे वाक्य तिनं अगदी सहज म्हटलं.

मी तिच्याकडं बघत राहिले आणि मला १९९३ चा पुण्यातला एक फलक आठवला.

बी.एस्सी. झाल्यावर एम.एस्सी.साठी माझं पुण्यात नाव लागलं होतं. गणित. घरात माझ्याआधी कुणी मुलगी शिकायला बाहेर गेली नव्हती. वडील म्हणाले होते, वसतिगृहात जागा मिळाली तर जा, नाही तर खोली करून राहणं काही आपल्याला जमायचं नाही. वसतिगृहाची यादी लागायच्या दिवशी मी आणि थोरला भाऊ पहाटेच्या एसटीनं निघालो. पाऊस भुरभुरत होता. काचेच्या फलकात टाइप केलेले कागद टाचण्यांनी लावलेले, आणि काचेवर आतून दमटपणाची वाफ धरलेली. मुलींची ही गर्दी. भाऊ वरून खाली वाचत होता, मी खालून वर. माझं नाव नव्हतं. भाऊ पुन्हा वाचायला लागला, आणि मला आतून हलकं वाटलं. अगदी स्पष्ट. शाळेला अवचित सुट्टी मिळाल्यावर वाटतं तसं. घरी आई एकटी पडणार नाही, मला अनोळखी मुलींबरोबर राहावं लागणार नाही, इंग्रजीत बोलावं लागणार नाही, आणि यातलं काही मी ठरवलेलं नाही, ते यादीनं ठरवलं. स्वारगेटला भावानं मला उसाचा रस पाजला. त्याला वाटलं मी दुःखात आहे. तो बिचारा सारखा म्हणत होता, पुढच्या वर्षी बघू. मी मान खाली घालून रस पीत होते, कारण वर बघितलं असतं तर त्याला दिसलं असतं.

पुढं मी कोल्हापूरला आत्याकडं राहून शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. केलं. चांगलं झालं माझं. चांगले शिक्षक मिळाले, नोकरी मिळाली, हा वर्ग मिळाला. पुणं हुकलं म्हणून माझं काही बिघडलं असं मी कधीच म्हणणार नाही. पण तो हलकेपणा मात्र मला अजून कोड्यात टाकतो. वीस वर्षांच्या, गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीला आपलं नाव यादीत नसल्याचा आनंद व्हावा, इतकं अवघड असतं का "मला जायचंय" म्हणणं? असतं. आमच्याकडं मुलगी शिकते ते घरचे शिकवतात म्हणून. "शिकवलं हो त्यांनी पोरीला," असंच म्हणतात लोक, आणि कौतुकानंच म्हणतात. त्यामुळं जे मिळतं ते वाढलेल्या ताटासारखं समोर येतं. आपणहून हात पुढं करून मागायची वेळ बहुतेकींवर येतच नाही. ऑप्शन फॉर्मच्या पहिल्या ओळीवर ती वेळ येते.

आणि मुलांचं काही वेगळं असतं अशातला भाग नाही. दोन-तीन वर्षांमागं एका मुलाला घरापासून फार लांबच्या, नावाजलेल्या सरकारी कॉलेजात जागा मिळाली होती. गावात फ्लेक्स लागला, सरपंचांनी शाल घातली. रिपोर्टिंगच्या शेवटच्या दिवशी तो गेलाच नाही. घरी सांगितलं की सर्व्हर डाऊन होता. नंतर मला म्हणाला, मॅडम, मला तिथं कुणीच ओळखत नव्हतं आणि इथं सगळे ओळखतात, या दोन्हीची भीती वाटली. त्या मुलानं जवळच्या कॉलेजात डिप्लोमा केला, आता नोकरीला आहे, रस्त्यात भेटला की गाडी थांबवून बोलतो. त्याच्यावर कुणी रागावू नये असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. आपण मुलांना पर्सेंटाइल मिळवायला दोन वर्षं शिकवतो. मिळालेलं घ्यायचं कसं, त्यासाठी उंबरा ओलांडायचा कसा, हे शिकवायला वेळापत्रकात एक तासही नसतो.

यादी दाखवल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या त्या विद्यार्थिनीचे वडील कॉलेजात आले. मी बोलावलं नव्हतं. खाकी पँट, पायात चिखलानं भरलेल्या चपला, त्या त्यांनी दाराबाहेर काढल्या. रात्री तिनं घरी ती खोडलेली ओळ दाखवली होती म्हणे. ते म्हणाले, "मॅडम, तिनं खोडलं कशाला? मला इचारलं आसतं तर मी न्हाई म्हणलो नसतो." मी म्हटलं, "तुम्ही हो तरी म्हणाला असता का?" ते थोडं थांबले. मग म्हणाले, "ते बी खरंय. मी गप बसलो आसतो." खूप प्रामाणिक माणूस. घरोघरी बापांचं हे गप्प बसणं असतं, आणि मुली त्याचा अर्थ लावत मोठ्या होतात. त्यांनी मग मला एकामागून एक प्रश्न विचारले, आणि एकही मार्कांचा नव्हता. माटुंगा स्टेशनापासून कॉलेज किती लांब? रात्री मुलींना किती वाजता आत यावं लागतं? आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेतं? हे सिव्हिल शिकून ती आमच्या खात्यात येऊ शकते का, साहेब म्हणून? शेवटचा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज बदलला. मी सांगितलं, येऊ शकते, स्पर्धा परीक्षा असते. ती संस्था १८८७ पासूनची आहे, १९२३ पासून माटुंग्याला आहे, तिथून बाहेर पडलेल्या इंजिनिअरांनी देशभर कामं केलीत. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमचा कालवा बी त्याच येळचा."

फॉर्म भरताना मी शेजारी बसले होते, पण माऊस तिच्या हातात होता. तिनं एक गोष्ट केली जी मला सुचली नव्हती. व्हीजेटीआय सिव्हिल तिनं परत यादीत घेतलं, पण पहिल्या क्रमांकावर नाही. पहिल्या क्रमांकावर सीओईपी कॉम्प्युटर टाकलं, जे नव्याण्णवच्याही बरंच पुढं बंद होतं आणि तिला येणं शक्यच नव्हतं. दुसऱ्यावर व्हीजेटीआय. पहिल्या फेरीत दुसरा पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीझ होत नाही. जागा हातात राहते, आणि दुसऱ्या फेरीपर्यंत थोडे दिवस मिळतात. त्या थोड्या दिवसांसाठी तिनं पहिली ओळ खर्च केली. कुणी म्हणेल, हा नियमाला वळसा झाला. मला त्यात तिचं शहाणपण दिसलं. नाव खोडून टाकण्यापेक्षा एक पायरी खाली ठेवायचं, म्हणजे ते मिळूही शकतं आणि मिळाल्यावर त्याच्याकडं बघायला उसंतही राहते. ओटीपी आला, तिनं तो टाकला, कन्फर्म दाबलं आणि तळवे ओढणीला पुसले.

अलॉटमेंट लागली तेव्हा रात्र झाली होती. साइट उघडेना, फिरणारं चक्र बघून बघून डोळे दुखायला लागले. बऱ्याच वेळानं तिचा स्क्रीनशॉट आला. पर्याय क्रमांक दोन. खाली एक ओळ: "मॅडम, मिळालं." ना उद्गारचिन्ह, ना पेढ्याचं चित्र. मी फोन केला तर तिची आईच बोलली. आनंद होता, पण त्या आवाजात घाबरणंही मिसळलेलं होतं. मला ते ओळखीचं वाटलं. "पोरीनं नाव काढलं," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "पण एवढ्या लांब?" पाठीमागून धाकटा भाऊ ओरडत होता, दीदी मुंबईला चालली. तिनं हजार रुपये भरून जागा स्वीकारली आहे, बेटरमेंट ठेवलं आहे. दुसऱ्या फेरीत वरचं काही येणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. म्हणजे प्रश्न आता मिळण्याचा नाही, जाण्याचा आहे. ती अजून "जाते" म्हणालेली नाही. "बघू" म्हणते. तिनं जावं असं मला मनापासून वाटतं, पण हे मी तिला एकदाच सांगितलं आणि पुन्हा सांगणार नाही. कारण मी सांगितलं म्हणून ती गेली, तर पुन्हा दुसऱ्याच कुणी ठरवलेलं होईल.

मला करण्यासारखं जे होतं ते मी केलं. माझी एक जुनी विद्यार्थिनी परळला नोकरी करते. तिला फोन करून विचारलं की या आठवड्यात एक कुटुंब कॉलेज बघायला येईल, रात्रीची सोय होईल का? ती म्हणाली, "सरळ माझ्याकडंच उतरू द्या, मॅडम. आणि आईला नक्की आणा. बाबा कॉलेज बघून परत जातात. मुलगी कुठं झोपणार, काय खाणार हे आईनं बघितलेलं बरं असतं, म्हणजे फोनवर बोलताना तिच्या डोळ्यांपुढं काहीतरी येतं." मी हे तिच्या आईला कळवलं. त्यांनी आधी गाईंच्या धारांचं कारण सांगितलं. धारा जाऊबाई काढतील, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. मग त्या म्हणाल्या, माझ्याकडं नेसून जाण्यासारखं लुगडं न्हाई, आणि स्वतःच हसल्या. शनिवारच्या मुंबईच्या एसटीची तिकिटं काढली आहेत. दिवाळीनंतर अकरावीच्या मुलींना आणि त्यांच्या आयांना घेऊन असंच कुठल्यातरी वसतिगृहात एक मुक्काम करावा, यासाठी मी प्राचार्यांकडं अर्ज दिलाय. त्यांनी खर्चाचा अंदाज मागितलाय, तो करायला बसलेय. आयांची नावं मी आधी लिहिते आहे.